पिवळा आधी आत गेला

५ जानेवारी
पाणी, मीठ, दगड, दिवा. मासे नाहीत! महिना होत आला, रिकामी टाकी बघत बसलेय. दुकानवाल्या ल्युदाताईंनी बजावलंय— पाणी आधी मुरू दे, घाई केलीस तर मासे मारशील.

सासूबाई— आपा— समोरच्या मानाच्या जागेवरून विचारतात, "सूनबाई, मीठ तर घातलंस, उकळायला कधी ठेवणार?" दाउरेन खो खो हसला. मीही हसले. थोडं कमीच.

तरी मला ही रिकामी टाकी आवडते. संध्याकाळी बाहेर बर्फ निळसर होतो, आत दिवाही निळा होतो, आणि पाण्याचा उजेड छतावर हलत राहतो. माहेरी, अक्ताऊला, आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर अगदी असाच हलायचा. खिडकीखाली समुद्रच होता ना. मी त्याबद्दल कधी बोलले नव्हते— या कारागांदात कोळशाच्या धुरात समुद्राच्या गोष्टी कोणाला सांगायच्या! दाउरेनने आपणहून ओळखलं. लग्नाची भेट म्हणून, उशिरा का होईना, टाकी आणली. यासाठी त्याचे सगळे गुन्हे माफ.

११ जानेवारी
दाउरेनने आज एक किल्ली हातात ठेवली. पलीकडच्या वस्तीत दोन खोल्या, भाड्याच्या. "नाउरीझपर्यंत ठरव. तू म्हणशील तसं." म्हणजे मार्चमधल्या नव्या वर्षापर्यंत.

तो धाकटा. धाकट्याने आईबापांचं घर सोडायचं नसतं. आम्ही गेलो तर आपा इथे एकट्या. तो माझ्यासाठी निघेल, आणि मग आयुष्यभर तिकडे धड झोपणार नाही. हे त्यालाही माहीत आहे, मलाही.

आपा वाईट आहेत का? मुळीच नाही. मारणं नाही, शिव्या नाहीत. फक्त या घरात प्रत्येक वस्तूची जागा आधीच ठरलेली आहे. मिठाचा डबा, टॉवेल, कपाट, मी. मी दाराशी, चहाच्या सामोवारजवळ— सुनेची जागा तीच. खिडकीत पुस्तकं ठेवली होती, दुसऱ्या दिवशी परत खोक्यात. "ऊन लागतं गं त्यांना!" ऊन. कारागांदात. जानेवारीत!

लग्न होऊन सहा महिने झाले. टाकी सोडली तर इथे माझ्या मनाने ठेवलेली एक वस्तू नाही.

आणि गंमत म्हणजे आपांचं खरं नाव मी इथेसुद्धा लिहीत नाही, नुसतं आदराचं 'आपा'. सुनेने सासरच्या मोठ्यांचं नाव घ्यायचं नसतं. वही कोणी वाचत नाही, तरी हात थबकतो.

१९ जानेवारी
दवाखान्यातून अर्धा दिवस सुट्टी. (सकाळी सहा पोरांचे कान तपासले. एकाला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं आणि तो घाबरून रडला.) मग ल्युदाताईंचं दुकान. किती वेळ होते देव जाणे!

मला सगळेच हवे होते. त्या म्हणाल्या, "मासे निवडणं म्हणजे सोयरीक जमवणं गं. एकेकटे सगळेच गुणी असतात." पिसारेवाला सिंहमासा— तोंडात मावेल ते गिळतो, नको. निळा चिमुकला— दिसायला गोजिरवाणा, पण पक्का भांडखोर, नको. फुलपाखरू मासा तर दगडांवर वाढवायचं पोवळंच कुरतडून खातो!

शेवटी ठरलं. नारिंगी-पांढऱ्या क्लाऊन माशांची जोडी. एक फायरफिश— बोटभर, पुढून पांढरा, शेपटीकडे निखाऱ्यासारखा, महाभित्रा. आणि एक मोठा पिवळा टँग, बशीसारखा चपटा. तो दिसला आणि मी सगळं विसरले.

"पण क्रम चुकवू नकोस. भित्रे आधी, दांडगा शेवटी. जो आधी शिरतो तो मालक होतो."

घरी येताना बसमध्ये डोळा लागला. स्वप्नात बसभर पाणी, आणि सगळे प्रवासी तिकिटं धरून शांतपणे पोहतायत.

२६ जानेवारी
आज फक्त भित्रा आणि ती जोडी आणायची होती. आपा म्हणाल्या, मीही येते. मखमली जाकीट, पांढरा रुमाल— लग्नाला निघाल्यासारख्या!

दुकानात काचेवर बोट ठेवून— "हा पिवळा आपला ना? मग आधी हा."
ल्युदाताई म्हणाल्या, "आपा, तो शेवटी. नाहीतर बाकीच्यांना—"
"बारकी पोरं आधी आत, आणि वडीलधारा दारात ताटकळत उभा? कुठल्या घरात असतं असं? आधी मोठा जाईल, त्याची जागा घेईल. मग बाकीचे."

ल्युदाताईंनी माझ्याकडे बघितलं. मला सगळं ठाऊक होतं. सगळं! आणि तोंडातून निघालं, "पिवळाच द्या."

घरी आपांनी त्याच्यावरून गोळ्या-चॉकलेटं उधळली, नवरीवरून उधळतात तशी. एक टाकीत पडलं, मी कोपरापर्यंत हात घालून काढलं. नाव ठेवलं अक्साकाल— वडील माणूस. तो सावकाश सगळ्या दगडांवरून फिरला आणि मधल्या कमानीखाली जाऊन थांबला. नेमका आपांच्या समोर.

दिसतो मात्र सुंदर. राग येत नाही त्याचा. माझाच येतो.

९ फेब्रुवारी
बाकीचे आले आणि व्हायचं तेच झालं. अक्साकाल शेपटी आडवी करून अंगावर जातो. शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखा काटा आहे. क्लाऊन जोडी वरच्या कोपऱ्यात दाटीवाटीने. भित्रा एका फटीत शिरला तो शिरलाच.

१४ फेब्रुवारी
भित्रा खात नाही. दाणे समोरून वाहत जातात, तो अर्धं डोकं बाहेर काढतो, पिवळं काही हललं की आत. पोट खपाटीला गेलंय.

आपा म्हणाल्या, "होईल सवय. सगळ्यांना होते."

माझं डोकंच फिरलं. चहा ओतत होते. आपांचा कप काठोकाठ भरला आणि समोर ठेवला. आमच्यात अर्धाच भरायचा— पुन्हा मागावा, माणसाने बसावं म्हणून. भरलेला कप म्हणजे "झालं, निघा आता." शेंबड्या पोरालाही कळतं.

आपांनी कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

१५ फेब्रुवारी
लाज वाटते. माफी मागायला दोनदा गेले, दोनदा टॉवेल आणायच्या निमित्ताने परत आले.

२१ फेब्रुवारी
ल्युदाताईंना फोन. आधी बोलणी खाल्ली, मग उपाय. "सगळे बाहेर काढ. दगडांची मांडणी मोड, पार उलटीपालटी कर. मग भित्रा आधी सोड, दांडगा शेवटी. ओळखीची जागाच उरली नाही की मालकी कशाची सांगणार?"

२३ फेब्रुवारी
केलं! दाउरेन कामावर होता. थांबायचा धीर नव्हता— भित्र्याचे दिवस भरत आलेत. बाही वर करून उभी राहिले, तर मागून आपा. "बादली मी धरते."

अक्साकालने तासभर दमवलं. आपा त्याला म्हणत होत्या, "ये रे म्हाताऱ्या, मान ठेव लोकांचा!" आम्ही दोघी भिजलो. मी कमान मोडली. डावीकडचे दगड उजवीकडे, खालचे वर.

"हे कशाला गं?"
"आता कोणालाच घर ओळखू येणार नाही, आपा. सगळेच नवे."
"तोसुद्धा?"
"तोसुद्धा."

आपा बादलीत बघत राहिल्या. मग त्या मोठ्या कपाटाकडे मान करून म्हणाल्या, "मी या घरात आले तेव्हा ते तिथेच होतं. सासूबाईंनी ठेवलेलं. मला ते खिडकीजवळ हवं होतं."
"मग हलवलं का नाही?"
"त्या होत्या तेव्हा हिंमत नव्हती. गेल्या तेव्हा सवय झाली होती."

भित्रा आधी सोडला. अक्साकाल शेवटी.

३ मार्च
बाहेर आला! आज संध्याकाळी, निळ्या उजेडात. दगडाच्या कडेला तरंगत, डोक्यावरचा तुरा फडफडवत. दाणा धरला. दुसरा धरला. अक्साकाल शेजारून गेला— नुसता गेला! अजून जरा गोंधळलेलाच वाटतो.

मी जमिनीवर, टाकीला डोकं टेकवून. पंपाची घरघर काचेतून कानात येते, अगदी दूरच्या बोटीसारखी. किती वेळ बसले कोण जाणे. उठले तेव्हा खांद्यावर आपांची शाल होती. आपा खोलीत नव्हत्या.

१५ मार्च
त्या दोन खोल्यांचा घरमालक उत्तर मागतोय.

आज खिडकीत फक्त एक पुस्तक ठेवून बघितलं. संध्याकाळी खोक्यात.

शाल घालणं सोपं असतं, जागा देणं नाही. आपांना कळत नाही असं नाही, पण एवढ्या वर्षांची सवय जात नाही— मग मला तरी ती का लागावी? मलाही एक दिवस कपाट कुठे हवं होतं ते विसरायला होईल. नाही, नको. दाउरेनला सांगितलं. "जाऊ या." तो "बरं" म्हणाला आणि बराच वेळ बूट पुसत बसला. टाकी इथेच राहील, हलवली तर पोवळं मरेल. आपांना दाणे किती घालायचे ते शिकवायला हवं. आम्ही निघतोय हे आपांना त्यानेच सांगायचं कबूल केलंय, उद्या.

१६ मार्च
सांगितलं. आपा म्हणाल्या, "बरं." दोघांचं "बरं" अगदी सारखं.

१९ मार्च
दवाखान्यातून आले तर दार अर्धंच उघडेना. मागे बाकडं अडकलेलं. कशीबशी आत शिरले. कपाट खिडकीजवळ. टेबल जिथे कपाट होतं तिथे. गालिचा भिंतीवरून खाली. सामोवार जमिनीवर. माझ्या पुस्तकांचं खोकं मधोमध, उघडं. शेजारची दोन माणसं घाम पुसत निघाली होती. आणि आपा दाराशी, माझ्या जागेवर, धापा टाकत. रुमाल सुटलेला.

"आता मलाच काही ओळखू येत नाहीये," म्हणाल्या. "तू आधी तुझी जागा बघ, पोरी. मग सांग— मी कुठे बसू?"

किल्ली उद्या परत करायची.