उस्तादांचा नमुना आणि जाड नाकाची गोळी

काडतुसात दारू जास्त पडली नव्हती. एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून निघालं असतं, तर माझा भाऊ जन्मभर मान खाली घालून जगला नसता. ते तुम्ही बोललात नाय आणि मरून गेलात. नमस्कार-बिमस्कार राहू द्या आबा, मी तुमची लेक लिहिते. चौथीतून तुम्हीच काढली, तवा अक्षराला नावं ठेवू नका.

काल माझी नात आली. पोरगी क्लबात रायफल चालवते, स्पर्धेला जाते. तिथं परवाना काढून काडतुसं हातानं भरतात, तुम्ही बंदुकीच्या दुकानात भरायचात तशीच. तिला तुमचा नमुना बघायचा होता. तो अजून माझ्याच देवघरात आहे. ना ठिणगी पाडणारी टोपी, ना दारू, नुसती पितळी पुंगळी आणि तिच्या तोंडात बसवलेली गोळी. गोळी किती आत बसवायची, त्याचं माप. तुम्हाला हे काम शिकवलं त्या खुलताबादच्या उस्तादांनी दिलेलं. "उस्ताद का नाप है, इसमें बाल का फरक नहीं," असं गिऱ्हाइकाला छाती काढून सांगायचात, आणि खंडेनवमीला हत्यारांच्या आधी त्याला हळदकुंकू लावायचात. नातीनं तो उलटसुलट करून बघितला नि म्हणाली, "आजी, गोळी बदलली की हे माप चालत नाय. जाड नाकाची गोळी ह्याच लांबीला बसवली तर ती नळीतल्या आट्यांना जाऊन टेकते. मग दाब एकदम वाढतो." मी म्हटलं, "मला नको शिकवू बाई. हे मी परकर घालायची तवाच बघितलंय."

आठवतंय का तुम्हाला? दुकानामागंच आपली खोली. माय चुलीपाशी बसून दिव्यावर काजळ धरतेय. दुकानात जाड नाकाच्या गोळ्यांचा नवा डबा आलेला, आणि तुम्ही जुन्याच नमुन्याला लावून त्या बसवताय. मी एका रिकाम्या पुंगळीत तशीच एक गोळी बसवते, मायच्या दिव्यावर काळी करते, भिंतीला टेकवलेल्या रायफलीत घालून बोल्ट लावते. बोल्ट जड जातो. बाहेर काढते तर काजळीवर ओरखडे, चारी बाजूंनी. ही युक्ती काय मी काढली नव्हती. उस्ताद जिवंत होते तवा तुम्हीच गोळी काळी करून बघायचात. ते गेले, नमुना देव झाला, आणि देवाला कोण तपासतं? मी गोळी तुमच्या नाकासमोर धरली. तुम्ही अंगठ्यानं काजळी पुसली. "उस्तादांचा नमुना खोटा, का तुझं काजळ?" म्हणालात आणि कानाखाली दिलीत. माय म्हणाली, "गप बस गं." एवढंच.

मग भाऊ ती काडतुसं घेऊन डोंगरामागं रायफल तपासायला गेला. दारू त्यानं तोलली होती, ते त्याचंच काम. पहिल्याच बाराला पुंगळी फाटली, आग मागं आली, उजवा डोळा गेला. दवाखान्यात जो भेटायला येईल त्याला तुम्ही सांगितलंत, "याच्याच हातून दारू जास्त पडली." आणि तो पट्टी बांधलेलं डोकं हलवून व्हय म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी माय मोरीत तुमचा अंगठा राखेनं घासत होती. ताज्या काजळीनं काळाकुट्ट अंगठा. मी विचारलं, कशाचं काळं? माय म्हणाली, "कंदिलाची काच पुसली त्यांनी." कंदील खुंटीला होता, काच तशीच धुरकट. त्याच आठवड्यात जाड नाकाच्या गोळ्यांचा डबा तुम्ही दुकानमालकाला परत करायला लावला. का, ते कुणाला सांगितलं नाय.

भावानं त्यानंतर हातात तराजू धरला नाय आबा. किराणा दुकानात नोकरी लागत होती, नको म्हणाला, वॉचमन झाला. मी किती वेळा सांगितलं त्याला, चूक नमुन्याची होती; दरवेळी उत्तर एकच: "आबा खोटं नाय बोलायचे. तू गप." आता गारखेड्यात खाटेवर पडून असतो, आणि तापात सुद्धा दारूच तोलतो.

म्हणून काल नातीला घेऊन गेले. तिनं नमुन्याच्या मापाला बसवून, काळी करून आपल्या रायफलीत घालून काढलेली जाड नाकाची गोळी त्याच्यापुढं धरली, ओरखडे दाखवले. त्यानं ती चांगल्या डोळ्याजवळ नेली, लई वेळ फिरवत राहिला. "मग तू कशी बसवणार?" नातीला विचारलं. ती म्हणाली, "माझ्या बंदुकीचे आटे कुठं लागतात ते मोजायचं, आणि गोळी त्याच्या जरा मागं ठेवायची. दरेक गोळीला नवं माप." "मोज बाई. आजीला मात्र दाखवू नको, तिला काय दिसलं की थप्पड बसते." आम्ही हसलो. मला वाटलं, सुटला एकदाचा. तर माझ्याकडं तोंड फिरवून विचारतो, "आबांना माहीत होतं का गं? नंतर तरी?"

साठ वर्षं दोष वाहिला, तो मी उतरवला, आता वर बापही काढून घेऊ? माझी जीभ कुणाला भ्यायली नाय, सासूला नाय, सरपंचाला नाय. काल भ्यायली. म्हटलं, "नाय रे. त्यांना कुठं माहीत होतं?"

हा कागद कुठं टाकायचा नाय, टाकून जाणार तरी कुठं? फक्त एक सांगते. ते खोटं मी त्याच्यासाठी बोलले, तुमच्यासाठी नाय. पण बोलल्यापासून ते खरं असावं असं मला वाटायला लागलंय. तो परत विचारणार. आज विचारील, उद्या विचारील. तवा उत्तर पाहिजे, आणि ते तुम्ही द्यायचं नाय. तुमचं ऐकून झालं. माय, तूही तिकडंच आहेस, अंगठा तूच घासलास, तू बोल. आबा, तुम्ही मधी तोंड घालू नका.