हॅलोवाला

३ फेब्रुवारी २००९
भानुदासने सही केली! मी करून घेतली म्हणायचं. राजीनाम्याचं कारण — स्वतःच्या इच्छेने. आमच्या कंपनीला कागदावर कुणाला काढायचं नाही. त्याला जपानी वाचता येत नाही, म्हणून शेजारी बसून ओळ न ओळ सांगितली. तो अडला तेव्हा म्हटलं, "तुला काय हॅलोवाला म्हणवून घ्यायचंय?" मग त्याने पेन उचललं.

आम्हा टोकियोच्या ओजिमातल्या मराठी मंडळींचा हा जुना शब्द. हॅलो वर्क या सरकारी कचेरीतून बेकारभत्ता घेणारा तो हॅलोवाला. २००२ च्या मंदीत कुणीतरी पाडला. गणपतीच्या जेवणात त्यावर मी किती हसलोय!

१७ फेब्रुवारी
शेवटी भानुदास हॅलो वर्कला गेलाच. घरभाडं, लेक कस्तुरीची शाळा — करणार काय? तिथल्या बाई म्हणाल्या, नोकरी स्वतःहून सोडलीत, आता भत्ता तीन महिन्यांनंतर. काढून टाकलं असतं तर लगेच सुरू झाला असता.
मला हे ठाऊक होतं. पण वाटलं, हुशार आहे, महिन्याभरात लागेल कुठेतरी. त्याची अब्रू राहावी, एवढंच मनात होतं.

१८ फेब्रुवारी
बायकोला, उल्काला, यातलं काही सांगितलं नाही.

८ मार्च
भानुदासच्या मंजुषावहिनी खाली कचऱ्याच्या जागी भेटल्या. राइस कुकर, इस्त्री, गाद्या — सगळ्यावर मोठ्या कचऱ्याची चिठ्ठी. पुण्याला परत चाललेत. कस्तुरी सायकल सोडेना, आईशी जपानीतून भांडत होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही होतात म्हणून बरं. नाहीतर आम्हाला कागद कोणी वाचून दाखवला असता?"
मान वर करवेना.
भत्ता म्हणजे काय भीक होती? दर महिन्याला पगारातून त्याचा हप्ता कापला जातो — भानुदासच्याही, माझ्याही. आणि आम्ही हसत बसलो. मूर्ख लेकाचे!

१५ मार्च
नारिता विमानतळावर सोडून आलो. आत जाताना भानुदास खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अवधूत, एक बरं झालं. हॅलोवाला नाही झालो." तो मनापासून बोलत होता. परतीच्या गाडीत रडू आलं. समोरच्या आजीबाईंनी रुमाल पुढे केला.

१६ मार्च
इतके दिवस इथेसुद्धा खोटं लिहिलं. अब्रूबिब्रू काही नव्हतं मनात. आमच्या साहेबाने, यामादा-सानने, आधीच सांगितलं होतं — भानुदासची सही आणलीत, तर काढायच्या यादीतलं दुसरं नाव खोडतो. दुसरं नाव माझं होतं.