झऱ्यावरची शिस्त

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.४०
आजपासून नळाचं पाणी पिणं बंद. क्लोरीनचा असा वास की चहा दवाखान्यात बसून प्यायल्यासारखा लागतो. मुलाने फिल्टर बसवून दिलाय, पण त्याचं पाणी मेलेलं. उद्यापासून रस्त्याच्या वळणावरच्या झऱ्याचं आणणार. पाच लिटरचा कॅन, रोज एक. जायला वीस मिनिटं, यायला वीस.
मुलाला फोनवर सांगितलं. म्हणाला, आई, तुला एकटीला पाच लिटर कशाला? आता आईचं पाणीही मोजणार हा! फोन ठेवला. म्हणजे त्याने आधी ठेवला, पण मी ठेवणारच होते.

मंगळवार, ५ मार्च
झऱ्यावर सावळागोंधळ. दगडातून लोखंडी नळी बाहेर काढली आहे, धार करंगळीएवढी. पुढे रांग. रांग कसली, तर कॅनची! माणसं आपापले कॅन ओळीत ठेवतात आणि समोरच्या कठड्यावर बसून गप्पा हाणतात. पुढचा कॅन भरला की जो जवळ असेल तो उठतो आणि मागचा लावतो. कुणाचा कॅन, कोण भरतंय, कशाचा कशाला पत्ता नाही. एक टॅक्सीवाला, रात्रपाळी करून आलेली नर्स, कानटोपीवाले आजोबा, आणखी पाचेक जण.
मला म्हणाले, ठेवा बाई कॅन आणि बसा निवांत. मी बसले नाही. कॅनशेजारी पस्तीस मिनिटं ताठ उभी राहिले. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणायच्या, माणसाची पारख रांगेत होते.

गुरुवार, ७ मार्च
नर्सने माझा कॅन भरून हातात आणून दिला. न विचारता! सांगितलं, माझा कॅन मी भरते. म्हणाली, बरं मॅडम, परत नाही हात लावणार. स्पष्ट बोललं की माणूस सुधारतो.
आजोबांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हटलं, पाणी न्यायला खानेसुमारी लागते का? टॅक्सीवाला फिस्सकन हसला. आजोबा हसले नाहीत. विनोदबुद्धी कमी.
कालचं चार लिटर उरलं होतं. कुंड्यांना घातलं. झाडांना फरक कळत असणार.

रविवार, १० मार्च
निश्चय झाला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली, शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. बावीस मुली एकाच वेळी बोलायच्या, पण एकीची लाइन दुसरीत गेली नाही. इथे तर आठच माणसं.
नियम लिहिले. रांगेत माणूस उभा राहील, कॅन नाही. दुसऱ्याचा कॅन कोणी भरायचा नाही. एका खेपेला दहा लिटर. बोलणं हळू आवाजात. लॅमिनेट करून घेतलं. झेरॉक्सवाला विचारतो, कुठल्या खात्याचं हे? म्हटलं, अक्कल खात्याचं.

सोमवार, ११ मार्च
बोर्ड तारेने नळीवर बांधला. टॅक्सीवाल्याने बातम्या दिल्यासारखा मोठ्याने वाचला. वर म्हणतो, मॅडम, पाणी आपलं आपण वाहतंय, त्याला कुठे ऑफिस गाठायचंय? म्हटलं, त्याला नाहीच, पण तुम्हालाही गाठायचं दिसत नाही.
आजोबांचे गुडघे उभं राहू देत नाहीत म्हणे. एकाला सूट दिली की उद्या सगळे लंगडतील. उभे राहिले बिचारे. मग रिकामाच कॅन घेऊन निघून गेले. काही काम आठवलं असेल.

शनिवार, १६ मार्च
यश! रांगेत चारच माणसं, एकामागे एक, सरळ. चकार शब्द नाही. फक्त पाण्याचा आवाज.

बुधवार, २० मार्च
रांगच नाही. सव्वासातला पोचले, सात वीसला कॅन भरून तयार. मुलाला सांगितलं तर म्हणाला, मग लोक गेले कुठे? मॅनेजमेंट त्याच्या डोक्यावरून जातं.
नवीन कोणी आलं तर नियम समजावायला हवेत, म्हणून थांबले. पन्नास मिनिटं. एक कुत्रा आला. मध्येच घुसून पाणी प्यायला. त्याला काही बोलले नाही. कठड्यावर बसून पाहिलं. सकाळचं ऊन छान येतं तिथे.

शुक्रवार, २२ मार्च
बसथांब्यावर नर्स भेटली. म्हटलं, दिसत नाहीस, आजारीबिजारी आहेस की काय? म्हणाली, नाही हो, ड्यूटी बदलली, आता संध्याकाळी जाते पाण्याला. मी विचारलं, टॅक्सीवाल्याचीही ड्यूटी बदलली का? बस कुठेच दिसत नव्हती, तरी ती बसच्या वाटेकडेच बघत राहिली. मग म्हणाली, सगळ्यांचीच बदलली मॅडम.
उलगडा झाला. माझ्या शिस्तीने गर्दी दोन वेळांत वाटली गेली. पण संध्याकाळच्या पाळीवर लक्ष कोण ठेवणार? उद्या जाऊन बघणार. फक्त बघणार, बोलणार नाही.

शनिवार, २३ मार्च. संध्याकाळी
सहाला दहा कमी असताना पोचले. वळणाच्या अलीकडेच हसणं ऐकू आलं. कॅनची लांबच लांब ओळ, अकरा मोजले. सगळे कठड्यावर, आजोबा मधोमध, खाली उशी घेऊन. ठरवल्याप्रमाणे मी काही बोलले नाही. माझा कॅन ओळीच्या शेवटी ठेवला. शेजारी उभी राहिले नाही. कठड्याच्या टोकाला एका माणसापुरती जागा होती, तिकडे निघाले.
हसणं थांबलं. टॅक्सीवाला टुणकन उठला. मॅडम, तुम्ही कशाला ताटकळता, तुमचा आधी घ्या. नर्सने धारेखालचा अर्धवट भरलेला कॅन बाजूला केला आणि माझा लावला. आजोबासुद्धा म्हणाले, हो हो, बाईंना आधी मोकळं करा. मी म्हणत होते, नको, मला घाई नाही, मी बसते. पण तेवढ्यात कॅन भरलासुद्धा. टॅक्सीवाल्याने झाकण घट्ट लावून तो वळणापर्यंत पोचवला. अकरा जणांत एकानेही कुरकुर केली नाही. एवढा मान मिळवायला माणसाची हयात जाते.
घरी आले तेव्हा सव्वासहाच वाजले होते. पिशवीतून थर्मास काढला, कागदी कप काढले. तिथे काढायला वेळच मिळाला नाही. कॉफी अजून तोंड भाजेल इतकी गरम आहे. आठ जणांची केली होती.