प्लगवरची पिशवी

अवसरी खुर्द,
१७ नोव्हेंबर २०२५

सोनलताई,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. तुम्ही दोघंही असाल. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र गेणभाऊंच्या दुधाच्या टेम्पोतून शिनोलीला पाठवते आहे. आधी काय झालं ते:

१. लग्न करून जाताना तू नेलेली मोटारसायकल अजून अण्णांच्या नावावर आहे. म्हणून कंपनीचा मेसेज त्यांना आला.
२. ती ज्या वर्षी बनली त्या वर्षीच्या गाड्या कंपनीने परत बोलावल्या आहेत. बॅटरी चार्ज करणाऱ्या रेग्युलेटरचा प्लग तापून वितळतो. आधी दिवा मंद होतो, मग चालती गाडी बंद पडते.
३. नवा भाग फुकट बसवून मिळतो.
४. अण्णांनी मेसेज मला मोठ्याने वाचायला लावला. दोनदा.

ते घरात तुझं नाव घेत नाहीत. तेव्हाही घेतलं नाही. जेवताना एवढंच विचारलं, "त्यो प्लग कुठं आसतो गं?" सीटखाली, डाव्या पॅनलच्या आत, मी म्हटलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"आगं, तिथं तर मीच पिशवी बांधलीया."

तू कॉलेजला गाडी न्यायला लागलीस तेव्हा पाणी जाऊ नये म्हणून त्यांनी खताच्या गोणीतलं प्लास्टिक गुंडाळून वर टेप मारली होती. आपल्याकडे सगळेच करतात. मी चाकणला कारखान्यात वायरिंगच तपासते, तरी मला हे सुचलं नव्हतं. कोंडलेल्या प्लगची उष्णता जाणार कुठे?

तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. "हॉर्न दाबला का लाइट बारीक व्हती का?" "घोडेगावच्या म्होरं रस्त्याला दिवं हायेत का?"

आई म्हणाली, "गाडीची लई काळजी लागली तुमाला."

"गाडीचंच इचारतोय," म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले.

मलाही कुतूहल आहे. गाडी थंड असताना पॅनल उघड. टेप पिवळी पडली आहे का? जळका वास येतो का?

शनिवारी सकाळी मंचरच्या सर्व्हिस सेंटरची वेळ घेतली आहे. तोवर गाडी चालवू नका. गेणभाऊ टेम्पोत घालून आणतील. मालक हजर असावा लागत नाही, हे मी विचारून घेतलं आहे. अण्णांना ते सांगितलेलं नाही. ते येत आहेत.

पिशवी काढू नकोस. ती त्यांना स्वतः काढायची आहे.

शुक्रवारपर्यंत उत्तर दे. गाडीबरोबर तू येणार आहेस का, तेही लिही.

हर्षाली