ताईच्या डबीचा छळ

ती. ताईस,

तुला वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढा). भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, फक्त माझा अहंकार जरा आजारी आहे. त्याचीच हकिगत कळवतो.

मुळा किसून, आंबवून, गाळून काढलेल्या पाण्यावर तुझं क्रीम टिकतं असं तू म्हणालीस, तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांसमोर हसलो होतो. हसणारच! तीस वर्षं कारखान्यांना प्रिझर्वेटिव्हची पिंपं विकलेला माणूस मी. (मुळा आंबला की नुसता वास येतो, एवढंच माझं शास्त्र.) त्यात तुझ्या दुकानवाल्या बाईंनी अट घातली की साध्या घरच्या बाथरूममध्ये रोज उघडलेली डबी तीन महिने चांगली राहिली, तरच माल ठेवीन. आणि ती डबी सांभाळायला तू मलाच निवडलंस!

कबूल करतो, मी ती सांभाळली नाही, छळली. अंघोळ करताना झाकण मुद्दाम उघडं ठेवलं. कुंडीतली माती उकरून तशीच बोटं आत घातली. (हे तुझ्या भावजयीने पाहिलं आणि दोन दिवस अबोला धरला. ती तुझ्या पक्षात आहे.) रोज सकाळी चष्मा लावून बुरशी शोधायचो. बुरशी आली गं! स्पंजवर आली, लाकडी फळीवर आली, माझ्या जुन्या कंपनीने निरोपाला दिलेल्या दाढीच्या क्रीमवरसुद्धा आली. तुझी डबी मात्र तीन महिने झाले तरी जशीच्या तशी. तेव्हा मला तुझं स्वयंपाकघर आठवलं. उकळून पालथ्या घातलेल्या बरण्या, प्रत्येकीवर तारीख, आंबटपणा तपासायच्या कागदी पट्ट्या, आणि अकरा वेळा बिघडलेलं सगळं ओतून देऊन बाराव्यांदा किसणी हातात घेणारी तू. ताई, मला तुझा फार अभिमान वाटतो. तोंडावर सांगायला जीभ रेटली नसती, म्हणून हा कागद.

गुरुवारी बाई डबी बघायला येणार आहेत. तू निश्चिंत राहा.

तुझा धाकटा,
पिंपवाला

ता. क. निश्चिंत राहू नकोस. डबी संपली आहे. छळताना बोटाला लागलेलं पुसायचं कुठे, म्हणून टाचांना लावत गेलो. भेगा बुजल्या, मग हात आवरेना.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि बाई आल्यासुद्धा. रिकामी डबी मी तशीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी कडेला राहिलेलं थोडं क्रीम नखाने काढलं, हुंगलं, उजेडात धरलं. मग माझ्या टाचा बघितल्या (अगदी चष्मा लावून). म्हणाल्या, "टिकतं की. पुरत नाही, एवढंच." पुढच्या महिन्यापासून माल ठेवणार आहेत!

शेवटचा ता. क. आता तुला मुळे किसायला माणूस लागेल. माझ्या ओळखीत एक आहे. अनुभव तीस वर्षांचा, पण सगळा विरुद्ध पक्षातला. हल्ली नखं स्वच्छ ठेवतो. सोमवारी येऊ का?