दहा वाजताची भूक

तर पप्पा, दोष मी सुकेळ्यांना देत नाहीये, हे मी आईला अजून पटवतेय. दोष असलाच तर माझ्या उत्साहाचा. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मी काय करते ते तुम्हाला माहितीय. इंग्लिश मीडियमला घातलंत तेव्हा पहिल्या आठवड्यात मी वाडीतल्या एकेका केळीला गुड मॉर्निंग म्हणत फिरले होते, आणि तुम्ही मागून येऊन केळीच्या वतीने "येस टीचर" म्हणत होता. आता मला दिवस गेलेत, सहावा चालू आहे, आणि सध्या डोक्यात शिरलेली गोष्ट आहे भूक.

अशी भूक लागते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिले तीन महिने नुसत्या उलट्या. उठायच्या आधी अंथरुणातच एक कोरडं बिस्कीट चघळायचं तेव्हा कुठे जमिनीवर पाय टेकवता यायचा. मग एक दिवस उलट्या थांबल्या आणि भूक आली. मी स्टेशनजवळच्या कम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. सकाळी पोटभर खाऊन निघते, तरी दहा वाजले की हात थरथरायला लागतात. पोरांना सांगतेय फाइल सेव्ह कशी करायची, आणि डोक्यात खालच्या गाडीवरचा वडापाव. पण मी ठरवलं, आपण हेल्दीच खायचं. सायबर कॅफेत बसून सगळं वाचून काढलं. तळलेलं नको, मैदा नको, साखर नको, नॅचरल खा. आता नॅचरल म्हटल्यावर वसईतल्या गिरीज गावच्या पोरीला काय आठवणार, सांगा!

आईने तुमच्यामागे केळी सुकवायचा मांडव मोडला नाही. थोडीच करते, पण राजेळी केळी सोलून उन्हात टाकणं, रोज पलटणं, दव पडायच्या आत घरात घेणं, सगळं तुमच्यासारखंच. केळीच्या सुक्या सोपटात बांधलेली सुकेळी पर्समध्ये टाकली की झालं माझं. वरून साखर नाही, तेल नाही, घरचं. माझा नवरा साताऱ्याचा, तो पहिल्यांदा बघून म्हणाला, "हे काय, चपलेचा पट्टा?" एक खाल्लं आणि मग लागोपाठ तीन खाल्ली. मी तर रोज खात होते, दहा वाजता, चार वाजता, मन लागलं नाही की तेव्हा पण. आणि वर क्लासमधल्या सगळ्यांना लेक्चर की बघा, हेल्दी स्नॅकिंग असं असतं.

मग डॉक्टर मॅडमनी ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "गोड काय खाता?"

"काहीच नाही मॅडम. चहात पण साखर बंद केलीय."

"आणि मधे भूक लागली की?"

"सुकेळी."

मॅडम पण वसईच्याच. त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती?"

"एक पुडी."

"आठवड्याला?"

"दिवसाला."

"अहो, केळ्यातलं पाणी तेवढं उडालं, साखर आहे तिथेच आहे! अख्खी फणी खाताय तुम्ही रोज!" आधी हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. या दिवसांत काही जणींची साखर अशीही वाढते, सगळं सुकेळ्यावर टाकू नका म्हणाल्या. पण वाढलेली राहिली तर बाळ अंगाने जास्त मोठं होतं, बाळंतपण अवघड जातं, जन्मल्यावर बाळालाही त्रास होऊ शकतो. खाण्यावर आणि चालण्यावर पंधरा दिवस बघू. नाही उतरली तर इन्सुलिनची इंजेक्शनं, रोजची. उपाशी मात्र राहायचं नाही, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायचं. मी घरी येईपर्यंत रडले नाही. घरी येऊन रडले. सुईला मी लहानपणापासून घाबरते, पण यावेळी सुईपेक्षा जास्त वाईट वाटत होतं ते याचं, की मी काळजी घेते घेते म्हणत बाळाला नको ते भरवत होते.

आईला फोन केला तर तिला रागच आला. "तुझ्या पप्पांच्या सुकेळ्याने आजपर्यंत कुणाचं वाईट झालं नाही," म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, आता आठवडाभर बोलणार नाही. तुम्ही गेल्यापासून ती वाडी सोडून कुठे जात नाही, पप्पा. बाजार आणि घर, बस. भाऊ आता हॉस्टेलला आहे, ती सकाळी एकदाच भात लावते आणि तोच दोन्ही वेळ खाते. आमच्या फ्लॅटवर यायला तिला सतराशे कारणं आडवी येतात, लाइट जाईल, पंप बंद पडेल, कोंबडीखाली अंडी ठेवलीयत.

दुसऱ्या दिवशी दहाला मोबाइलवर मिस्ड कॉल. खिडकीतून बघते तर आई रिक्षातून उतरतेय, हातात पिशवी. सरळ वर आली, मागच्या बाकावर बसली, पोरांना म्हणाली, "तुमचं चालू द्या." पिशवीतून दोन डबे निघाले. उकडलेली अंडी, उकडलेल्या शेंगा, काकडीच्या फोडी, बाटलीत ताक.

"खा."

"आई, पोरं बघतायत."

"बघू दे. त्यांच्या आयांनी काय हवा खाऊन त्यांना वाढवलं?" मी तरी उभीच. मग तिने दुसरा डबा स्वतःपुढे ओढला. "मला पण लागलीय भूक. आता बसतेस का माझ्याबरोबर?"

आणि अंडं सोलता सोलता तिने मला तुमची गोष्ट सांगितली. मला ते स्वयंपाकघर आठवतं. मी सात-आठ वर्षांची, भाऊ आईच्या पोटात. आई चुलीपुढे भाकऱ्या थापतेय. घरातले पुरुष जेवल्याशिवाय बायकांनी खायचं नाही, असंच होतं तेव्हा. तुम्ही वाडीतून येता, पायाला चिखल, दारातूनच ओरडता, "भूक लागलीय गं, काढ काहीतरी!" आई ताटात भाकरी, वाल, मूठभर शेंगदाणे वाढते. तुम्ही दोन घास खाता आणि ताट सरकवता, "जात नाही आता. टाकू नको, खाऊन टाक तू." नवऱ्याच्या ताटातलं बायकोने खाल्लं तर कोण काय बोलणार? हे रोजचं, जेवणाच्या खूप आधी. आत्या आली होती तेव्हा म्हणालीच, "माझ्या भावाच्या पोटात राक्षस शिरलाय काय?" तुम्ही म्हणालात, "एक दिवस पाणी लाव वाडीला, मग तुझ्यात पण शिरेल." आणि मी, शहाणी, सगळ्या शेजाऱ्यांना सांगत सुटले होते की आमचे पप्पा खादाड आहेत. "तुझ्या पप्पांना कुठली भूक," आई म्हणाली. "मला चक्कर यायची, ते त्यांनी बघितलं होतं." एवढी वर्षं ती हे बोलली नव्हती. बोलली आणि मीठ लावून काकडी खात बसली.

तेव्हापासून ती रोज येते. पोरं तिला मावशी म्हणतात, एकाने तिला माउस धरायला शिकवलं, तर म्हणाली, "उंदीर म्हणे, आणि शेपूट पुढे!" कधी भाजलेले चणे, कधी मोडाची मटकी, कधी मुगाचं धिरडं, अर्धा पेरू. पेरू अर्धाच, बाकीचा ती खाते. मी पण शिकले. भूक लागली की आधी पाणी पिऊन बघते, कारण कधी कधी ती नुसती तहान असते. भुकेने हात थरथरेपर्यंत थांबत नाही. संध्याकाळी लवकर जेवून मी आणि नवरा पाचूबंदरच्या रस्त्याने चालतो, बोटी बघत. बाळ लाथा मारतं. बरं चाललंय पप्पा, खरंच. आणि आई पण खातेय. तिचे गाल जरा वर आलेत. परवा क्लासच्या जिन्यावर ती कुणाला तरी सांगत होती, "मला वेळ नसतो हो, लेकीकडे जायचं असतं रोज."

हे सगळं क्लासच्या कम्प्युटरवर टाइप करायला बसले, तर मराठी फॉन्टच नाही. म्हणून हाताने लिहितेय, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पाठवायचं नाहीये म्हणून बरं.

आता खरं सांगते. रिपोर्ट काल आला. साखर उतरलीय, इंजेक्शन नको. मॅडम म्हणाल्या, असंच चालू ठेवा, मधे मधे तपासत राहू. नवऱ्याला लगेच सांगितलं. आईला नाही सांगितलं. ती अजून काळजीत आहे, हे बरोबर नाही, कळतं मला. पण सांगितलं की ती हात जोडेल, "चला, सुटले" म्हणेल आणि तिची कोंबडी परत अंड्यावर बसेल. नुसतं ये म्हटलं की ती येत नाही, पप्पा. तिला काम लागतं. आता दहाला ती येईल. आज सांगू तिला, की अजून थोडे दिवस जाऊ देऊ? तुम्हाला काय वाटतं?