उन्हात वाळवलेला मका

११ ऑगस्ट
कोंबड्यांसाठी आणलेल्या मक्याची पोती खालून भिजली. कुबट वास. दाणे चोळले तर हिरवट भुकटी. फेकायला जीव होईना. ऊन बरं आहे, सगळा गच्चीवर पसरला. ह्यांनी नाक मुरडलं. रेल्वेतल्या माणसाने माझ्या कोंबड्यांत डोकं घालू नये.

१४ ऑगस्ट
मका कडक वाळला. वास गेला. दळून खाद्यात मिसळला. स्वतःवर खूश आहे.

२० ऑगस्ट
उद्या हरतालिका, इकडची तीजा. शेड सांभाळणारी बुधियारिन तीजासाठी माहेरी गेली. तीजाचं माहेर सहा वर्षांत एकदाही चुकवलं नाही तिने. आपलं शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून अंडी पुरत नाहीत, आणि हिला नेमकं आत्ता माहेर. कुरकुरत सोडलं. जाताना ती दुसरी बाई लावून गेली.

२५ ऑगस्ट
अंडी रोज कमी. कवच इतकं पातळ की हातात फुटतं. आज सात मेल्या. बुधियारिन परतली तशी अंडी वेचणाऱ्या बायकांसमोर तिला नको नको ते बोलले. तू माहेरी मजा करत होतीस, इकडे कोंबड्या उपाशी, वगैरे. "दाना-पानी सब समझा के गई थी दीदी," एवढंच म्हणाली. डबा उचलून घरी गेली.

२८ ऑगस्ट
जनावरांच्या डॉक्टरांनी मेलेली कोंबडी उघडली. यकृत पिवळट, बोट लावताच चुरा. खाद्यात काय घातलं विचारलं. मक्याचं सांगितलं. उन्हाने बुरशी मरते, तिचं विष दाण्यात तसंच राहतं, म्हणाले. सगळं खाद्य गाडून टाकलं. उरलेल्या कोंबड्या सावरतील, वेळ लागेल.
हे जेवताना म्हणाले, "मका तू वाळवला. मग तिले काहून बोलली?"
फार लाज वाटली.

३० ऑगस्ट
बुधियारिनच्या घरी गेले. अंगण सारवत होती. चूक माझी होती, सरळ सांगितलं. माफ कर म्हटलं. तिने हात धुतले, चहा दिला. कोंबड्यांची चौकशी केली, कोणत्या रांगेतल्या गेल्या तेसुद्धा. मला वाटलं, मिटलं. कामावर कधी येतेस, विचारलं.
"डांटे तो सबके सामने थे दीदी. माफी यहां आके मांग रहे हो."
रागाने नाही म्हणाली. पुन्हा सारवायला बसली.
बायका उद्या सातला येतात. त्यांच्यासमोर माफीची दोन वाक्यं तर बोलायची आहेत. अजून जमेलसं वाटत नाही.